देण्याची बाजू आणि कमाईची बाजू: धर्म, महिला संचालक आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व

प्रश्न असा आहे: कंपनीच्या मालकांची किंवा भोवतालच्या समाजाची धार्मिकता आणि संचालक मंडळातील महिलांचे नेतृत्व यांचा कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजे रूढ भाषेत सीएसआरवर, नेमका काय परिणाम होतो, या दोन गोष्टी एकमेकींना बळ देतात की एकमेकींच्या आड येतात, आणि प्रबंधासाठी हा परिणाम मोजायचा कसा? प्रश्न विचारणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीने सोबत असेही लिहिले आहे की, वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांत दोन्हींचा परिणाम ‘सकारात्मक’ आढळतो, पण ज्या कंपन्या जवळून पाहिल्या त्यांत तसे काही जाणवत नाही.

तुमची शंका रास्त आहे. अनेक वर्षे कंपनी सचिव म्हणून आणि नंतर संचालक मंडळांचा सल्लागार म्हणून काम करताना मला याचे जे कारण दिसले, ते आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या कारभाराला दोन बाजू असतात. पैसा कसा मिळवायचा ही एक, आणि मिळालेल्या पैशातला काही वाटा समाजासाठी कसा खर्च करायचा ही दुसरी. धर्म आणि महिला संचालक या दोघांनाही बहुतेक मंडळे दुसऱ्या बाजूला मोठ्या सन्मानाने बसवतात आणि पहिल्या बाजूकडे फिरकू देत नाहीत. त्यामुळे देणग्यांचे आकडे वाढतात, अहवाल देखणे होतात, गुणांकनही सुधारते, पण कामगार, पुरवठादार, सांडपाणी आणि कर यांविषयीचे निर्णय जिथल्या तिथे राहतात. ज्या थोड्या कंपन्यांत यांपैकी कोणी कमाईच्या बाजूला पोहोचले, तिथे मात्र खरा फरक पडलेला दिसतो.

आधी धर्माचे पाहू. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची आधुनिक चर्चा बरीचशी धर्मसंस्थांच्या दारातूनच आली, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत सहसा सांगितली जात नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३ मधील ज्या पुस्तकापासून या विषयाचा आरंभ मानतात, ते तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या महासंघाने सुरू केलेल्या नीती आणि अर्थव्यवहारविषयक अभ्यासमालेतले होते. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्रक काढले त्यात न्याय्य वेतनाचा आग्रह होता. इस्लाममध्ये जकातीचे प्रमाण सर्वसाधारणपणे संपत्तीच्या २.५ टक्के असते आणि ती कोणाला द्यायची त्या आठ वर्गांची यादीही ठरलेली आहे. बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभे करणारी मदत सर्वांत वर ठेवली. जैन विचारातील अपरिग्रह किंवा गांधीजींची विश्वस्ततेची कल्पना तर सरळ मालकीच्या हक्कालाच हात घालते. म्हणजे धर्मपरंपरा कमाईविषयी गप्प आहेत असे मुळीच नाही. पण परंपरेतून कंपनीत येताना देण्याचा भाग सहज उतरतो आणि कमाईचा भाग वाटेतच अडकतो.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या, चॉकलेट बनवणाऱ्या कॅडबरी कुटुंबाचे आहे. त्यांनी आपला कारखाना १८७९ मध्ये बर्मिंगहॅम शहराबाहेर बोर्नव्हिल येथे हलवला आणि १८९० च्या दशकात त्याच्या शेजारी बागबगीचे असलेल्या घरांचे आदर्श गाव वसवायला घेतले, ज्यात श्रद्धेला अनुसरून दारूच्या गुत्त्याला जागा नव्हती. कामगारांचे आरोग्य, शिक्षण आणि खेळ यांवर त्या काळात इतका खर्च करणाऱ्या कंपन्या विरळाच. त्याच कारखान्यात मोठ्या संख्येने काम करणाऱ्या मुलींना लग्न झाले की नोकरी सोडावी लागे, आणि त्यात कोणाला काही खटकत नसे. पुढे १९०१ मध्ये कंपनीच्या कानावर आले की, आफ्रिकेच्या पश्चिमेकडील, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या ज्या साओ टोमे बेटांवरून आपण कोको घेतो तिथले मजूर नावाला कंत्राटी असले तरी प्रत्यक्षात गुलाम आहेत. चौकश्या, पत्रव्यवहार आणि शिष्टाई यांत आठ वर्षे गेली आणि खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. त्याच वर्षी, या विलंबावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्राविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा कंपनीने जिंकला, पण ज्यूरीने भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे त्या वेळचे सर्वांत लहान नाणे. मला हे कुटुंब ढोंगी वाटत नाही. डोळ्यांसमोरच्या माणसाविषयी त्यांची श्रद्धा अत्यंत जागरूक होती. कोकोच्या पोत्यामागे असलेला माणूस मात्र त्यांना खरेदीचा प्रश्न वाटत राहिला, श्रद्धेचा वाटला नाही. धार्मिक मालकांच्या कंपन्यांत मी आजही हेच पाहतो. कारखान्याच्या परिसरात रुग्णालय उभे असते आणि चौथ्या फळीतल्या पुरवठादाराचे नाव कोणालाही ठाऊक नसते.

धर्म कमाईच्या बाजूला पोहोचू शकतो याचेही पुरावे आहेत, आणि तो तिथे बहुधा भागधारकाच्या रूपाने पोहोचतो. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या भागधारकांपुढे ठराव मांडला की कंपनीने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावे. त्याच वर्षी बाप्टिस्ट धर्मगुरू लिऑन सलिव्हन हे त्या कंपनीचे पहिले कृष्णवर्णीय संचालक झाले होते. त्यांनी बाकी संचालकांची साथ सोडून ठरावाच्या बाजूने भाषण केले. ठराव अर्थातच मोठ्या फरकाने पडला. पण १९७७ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या कंपन्यांसाठी समान वेतन, एकत्र भोजनगृहे आणि कृष्णवर्णीयांना पर्यवेक्षकपदे अशी तत्त्वे मांडली, अनेक अमेरिकी कंपन्यांनी ती स्वीकारली, आणि १९८७ मध्ये ती अपुरी ठरल्याचे त्यांनीच जाहीर करून कंपन्यांना माघारीचे आवाहन केले. मंडळात एकटा पडलेला, बाकीच्यांपेक्षा वेगळा संचालक काय करू शकतो आणि त्यासाठी त्याला बाहेरचे किती बळ लागते, याचा हा धडा महिला संचालकांच्या चर्चेत फारसा कोणी आणत नाही. खरे तर तो तिथेच सर्वाधिक लागू पडतो.

शरियत-अनुरूप गुंतवणूक हा आणखी एक मार्ग. तिथे मद्य, जुगार आणि व्याजावर आधारित व्यवसाय वगळले जातात, अनेक निर्देशांकांत कर्जाच्या प्रमाणालाही साधारण एक-तृतीयांशाची मर्यादा असते, म्हणजे धर्म थेट ताळेबंदात शिरलेला असतो. तरीही ही चाळणी मुख्यतः उत्पादन आणि भांडवल तपासते. त्या कंपनीतल्या मजुराला किती मजुरी मिळते, हे तिच्या जाळीतून सहज निसटते.

आकडेवारीवर आधारलेल्या अभ्यासांचे म्हणाल, तर अमेरिकेत ज्या भागांत धार्मिकता जास्त, तिथे मुख्यालय असलेल्या कंपन्या कमी जोखीम घेतात आणि त्यांच्या हिशेबांत गैरप्रकार कमी आढळतात, असे निष्कर्ष प्रतिष्ठित नियतकालिकांत आलेले आहेत. चीनमध्ये मुख्यालयाच्या परिसरातील मठ-मंदिरांची संख्या मोजून तिचा देणग्यांशी संबंध पाहिला गेला आहे. हे सारे उपयुक्त आहे, पण सावधपणा, प्रामाणिक हिशेब आणि सामाजिक जबाबदारी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. जोखीम टाळणारी कंपनी प्रदूषण नियंत्रणाच्या नव्या, न आजमावलेल्या यंत्रणेत पैसा घालायलाही कचरते.

आता महिला संचालकांविषयी. इथे पुरावा अधिक भक्कम आहे, आणि गैरसमजही अधिक आहेत. सर्वांत मोठा गैरसमज असा की बाई मुळात मायाळू, म्हणून ती मंडळात आली की कंपनीही मायाळू होते. स्वीडनमधील सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांच्या संचालकांच्या मूल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा महिला संचालक पुरुषांपेक्षा अधिक परहितदक्ष आणि सत्तेची ओढ कमी असलेल्या निघाल्या खऱ्या, पण त्याच वेळी त्या परंपरेला आणि सुरक्षिततेला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी महत्त्व देणाऱ्या आणि जोखमीला अधिक तयार असलेल्याही निघाल्या. सर्वसाधारण स्त्रियांचे सरासरी चित्र त्यांना लागू पडत नव्हते. हे अगदी स्वाभाविक आहे, कारण इतके अडथळे ओलांडून त्या खोलीत पोहोचलेली स्त्री परंपरेला चिकटून राहणारी असण्याची शक्यता कमीच. धर्माशी याचा संबंध जोडून पाहा: परंपरेतून दानाची प्रेरणा घेणारे मालक आणि परंपरेला कमी मानणारी संचालिका एका मेजावर बसतात, तेव्हा सहकार्य होईल की खटका उडेल हे आधी सांगता येत नाही.

नॉर्वेचा अनुभव मोलाचा आहे, कारण तिथे महिलांचे प्रमाण कंपन्यांच्या मर्जीने न वाढता कायद्याने वाढले. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या मंडळांत प्रत्येक लिंगाचे साधारण ४० टक्के प्रतिनिधित्व सक्तीचे झाले, आणि २००८ पर्यंत पालन न करणाऱ्या कंपनीचे विसर्जन होण्याची तरतूद होती. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की, ज्या कंपन्यांवर ही सक्ती लागू झाली त्यांनी तुलनेने कमी कामगारकपात केली आणि त्यांचा मजुरीवरील खर्च तुलनेने जास्त राहिला. हा परिणाम कोणत्याही सीएसआर अहवालात ‘उपक्रम’ म्हणून छापून येत नाही, उलट नफ्याच्या रकान्यात तो उणा दिसतो. पण एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने नोकरी टिकणे आणि कंपनीकडून शिष्यवृत्ती मिळणे यांत अधिक जबाबदार वर्तन कोणते, याचे उत्तर अवघड नाही.

संख्येचाही प्रश्न आहे. समूहात जेमतेम १५ टक्क्यांपर्यंत असलेल्या गटातली व्यक्ती स्वतःच्या मताने ओळखली न जाता आपल्या गटाची प्रतिनिधी म्हणून पाहिली जाते, हे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. मंडळात तीन महिला झाल्या की हे दडपण बरेच ओसरते, असे पुढच्या अभ्यासांनी सुचवले. माझा स्वतःचा कल मात्र संख्येपेक्षा जागेकडे आहे. एकटीच महिला संचालक लेखापरीक्षण समितीत असेल, तर ती सीएसआर समितीतल्या तिघींपेक्षा जास्त फरक पाडू शकते.

हे जवळून कसे दिसते ते सांगतो. एका कुटुंबनियंत्रित कंपनीच्या बैठकीत सीएसआरचा विषय नेहमीप्रमाणे विषयपत्रिकेच्या शेवटी होता. फिरत्या दवाखान्याचा प्रस्ताव होता, तो चालवणारा न्यास कुटुंबाच्या श्रद्धास्थानाशी संलग्न होता, आणि टिपण जेमतेम अर्ध्या पानाचे होते. नव्याने आलेल्या एका स्वतंत्र, म्हणजे मालक कुटुंबाशी हितसंबंध नसलेल्या, महिला संचालकांची कारकीर्द बँकेच्या कर्जविभागात गेलेली होती. सगळ्यांची अपेक्षा होती की त्या या विषयावर बोलतील. त्या बोलल्या त्या दीड तास आधी, सुरक्षा अहवालाच्या वेळी. तिमाहीतील अपघातांचा तक्ता समोर होता आणि त्यांनी एवढेच विचारले, “कंत्राटी कामगारांचे अपघात यातल्या कोणत्या रकान्यात आहेत?” ते कंत्राटदाराकडे नोंदवले जातात, असे उत्तर आले. “मग आपल्या छपराखाली एकूण किती माणसे जखमी झाली, हे या मंडळाला माहीत नाही, असे इतिवृत्तात लिहायचे का?” पुढच्या तिमाहीत तक्त्यात एक रकाना वाढला, आणि त्यातला आकडा पाहून यंत्रांच्या संरक्षक जाळ्यांची तरतूद करावी लागली. दवाखान्याचा प्रस्ताव तसाच मंजूर झाला आणि त्या वर्षीच्या सीएसआर खर्चाच्या आकड्यात काडीचाही फरक पडला नाही. तुमच्या प्रबंधाच्या सांख्यिकी प्रारूपात ही कंपनी टाकली, तर महिला संचालकाचा परिणाम शून्य निघेल.

त्यांना हा प्रश्न विचारता आला याची कारणे साधी होती. कागदपत्रे त्यांच्या हाती आठवडाभर आधी पडत होती, त्या जोखीम समितीच्या सदस्य होत्या, आणि त्यांची नेमणूक कुटुंबाच्या मर्जीवर टिकून नव्हती. या तिन्हींपैकी एक जरी नसती, तर तो तक्ता ‘वाचून नोंद घेतली’ एवढ्यावर पुढे सरकला असता.

दोन्ही घटक एकत्र येतात तेव्हा काय होते, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असा: कुटुंब श्रद्धाळू असते, मंडळावर एक महिला हवी म्हणून सून, मुलगी किंवा पत्नी संचालक होते, आणि पाठोपाठ कंपनीच्या धर्मादाय प्रतिष्ठानाचे अध्यक्षपद तिच्याकडे जाते. ती मनापासून काम करते, खर्चही चोख होतो, आणि लेखापरीक्षण, जोखीम, मानधन या समित्यांची दारे तिच्यासाठी तितक्याच सौजन्याने बंद राहतात. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना महिला संचालक सक्तीची केल्यावर अनेक ठिकाणी प्रवर्तकांच्या नात्यातल्याच स्त्रिया नेमल्या गेल्या. पुढे भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने आघाडीच्या ५०० सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र महिला संचालक बंधनकारक केली. नात्यातली स्त्री कमी पात्र असते असे माझे म्हणणे नाही. मात्र जेवणाच्या टेबलावर जे बोलता येत नाही, ते संचालक मंडळाच्या मेजावरही तिला सहसा बोलता येत नाही.

दुसरा प्रकार विरळा असला तरी सर्वांत फलदायी आहे. मालकांची श्रद्धा खरी असते आणि महिला संचालक स्वतंत्र असते. अशा ठिकाणी धर्म तिच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन ठरू शकतो, कारण भागधारकांच्या हिताचा युक्तिवाद मालक आकड्यांनी परतवू शकतात, पण “थकलेली बिले सहा महिने अडवून लहान पुरवठादाराला टेकीला आणणे आपल्या श्रद्धेत बसते का?” या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नसते. मी असे प्रश्न काम करताना पाहिले आहेत. त्यासाठी संचालक स्वतः धार्मिक असायला हवी असे नाही, मात्र समोरच्याच्या श्रद्धेची तिला जाण आणि कदर हवी, उपरोध चालत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे जिथे धर्माच्या नावाखाली स्त्रीच्या अधिकारालाच कात्री लागते. तिथे ती मंडळावर असूनही तिचे मत ऐकले जात नाही. महिला संचालक आणि सामाजिक कामगिरी यांच्या संबंधावरील ८७ नमुन्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा संबंध सरासरीने सकारात्मक आढळला, आणि ज्या देशांत भागधारकांना कायद्याचे संरक्षण जास्त व स्त्री-पुरुष समानता अधिक, तिथे तो जास्त बळकट निघाला. तेव्हा धार्मिकता मोजताना तिच्या सोबत स्त्रियांचे सामाजिक स्थानही मोजा, नाहीतर धर्माच्या दानशीलतेचा परिणाम आणि धर्माच्या नावाने घातलेल्या बंधनांचा परिणाम एकमेकांना खोडून काढतील आणि तुमच्या हाती एक निरर्थक सरासरी उरेल.

स्त्री आणि धर्म मंडळाच्या खुर्चीशिवायही एकत्र येतात, याकडे जाता जाता लक्ष वेधतो. अमेरिकेतील डॉमिनिकन या कॅथलिक संघातील जोगीण (नन) सिस्टर पॅट्रिशिया डेली यांनी १९९८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या वार्षिक सभेत भागधारक म्हणून उभे राहून हडसन नदीतील पीसीबी या विषारी रसायनावरून थेट कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांना धारेवर धरले होते. त्यांच्याजवळ ना संचालकपद होते ना मोठा भागभांडवली हिस्सा. प्रश्न मात्र पूर्णपणे कमाईच्या बाजूचा होता.

आता मोजणीविषयी, कारण बहुतेक प्रबंध इथेच घसरतात. पहिली अडचण म्हणजे अनेक ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरच्या, गुणांकनांत मंडळातील महिलांचे प्रमाण हाच एक निकष असतो. मग महिला वाढल्या की गुण वाढतात आणि संशोधक त्याला ‘परिणाम’ म्हणतो. तो घटक वगळून केवळ सामाजिक व पर्यावरणीय गुण घ्या. दुसरी अडचण धार्मिकतेची: मुख्यालयाच्या परिसरातील लोकांची धार्मिकता म्हणजे संचालकांची धार्मिकता नव्हे, विशेषतः जिथे संचालक बाहेरगावांहून विमानाने येतात. तिसरी अशी की अनेक परंपरांत गुप्तदान श्रेष्ठ मानले जाते, त्यामुळे श्रद्धाळू मालक देतात पुष्कळ आणि जाहीर करतात थोडे. केवळ प्रकटीकरणावर आधारलेला निर्देशांक त्यांना कमी लेखतो. शिवाय कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते, कारण आधीपासून जबाबदार असलेल्या कंपन्याच चांगल्या महिला संचालक शोधतात आणि त्यांना टिकवतात. नॉर्वेसारख्या कायदेशीर सक्तीच्या घटना म्हणूनच कामाच्या. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशाने ३० जून २०२६ पर्यंत बिगर-कार्यकारी संचालकांत ४० टक्के किंवा सर्व संचालकांत ३३ टक्के प्रतिनिधित्वाचे लक्ष्य ठेवले आहे, त्यातून पुढे असाच अभ्यास करता येईल.

जिथे खर्चच कायद्याने ठरलेला आहे, तिथे रक्कम मोजण्यात फारसा अर्थ नाही. भारतात कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचा असतो, आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम त्यात धरले जात नाहीत. म्हणजे अपघातांच्या तक्त्यातला तो नवा रकाना कायद्याच्या दृष्टीनेही सीएसआर ठरत नाही. अशा देशांत रकमेऐवजी तिची वाटणी पाहा: पैसा कोणत्या संस्थांकडे गेला, त्या प्रवर्तकांशी संबंधित आहेत का, आणि नव्या स्वतंत्र महिला संचालक आल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत ती यादी बदलली का.

त्याच्या जोडीला कमाईच्या बाजूची चार-पाच मोजमापे ठेवा: कंत्राटी कामगारांचे प्रमाण व अपघात, कामगारकपात, लहान पुरवठादारांची बिले चुकती करायला लागणारे दिवस, पर्यावरणविषयक दंड आणि पुरवठा साखळीची तपासणी. इतिवृत्ते तुम्हाला मिळणार नाहीत, पण कोणती महिला कोणत्या समितीवर आहे आणि किती बैठकांना हजर होती, हे सूचिबद्ध कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत बहुतेक देशांत छापलेले असते. ‘मंडळात महिला आहे की नाही’ या एका चलाऐवजी (मोजायच्या घटकाऐवजी) ‘लेखापरीक्षण किंवा जोखीम समितीत स्वतंत्र महिला आहे’ आणि ‘फक्त सीएसआर समितीत महिला आहे’ अशी दोन वेगळी चले करा, धार्मिकतेशी त्यांचा आंतरसंबंध स्वतंत्रपणे तपासा, आणि मालकी कुटुंबाकडे आहे की विखुरलेली आहे हे नियंत्रक चल, म्हणजे तुलना सारख्यासारख्यांत राहावी म्हणून धरायचा घटक, कोणत्याही परिस्थितीत गाळू नका.